नागपूर ते पचमढी : अडीचशे किलोमीटर, तीनशे वर्षं



मे महिन्यात कुठल्याही नागपूरकराचा फोन उघडून बघा, दोन गोष्टी सापडतीलच. एक, पारा ४५ च्या वर गेल्याचा स्क्रीनशॉट. दुसरी, ‘पचमढी फायनल’ असल्या नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यात काहीही फायनल झालेलं नसतं. गाडी कोणाची, चालवणार कोण, पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे, यावर तीनशे मेसेज. आमच्याही ग्रुपमध्ये हेच चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, बाकी तुम्ही भांडत बसा, रस्त्यात थांबायचं कुठं तेवढं मी ठरवतो. आता इतिहासाचा पॉडकास्ट करणाऱ्या माणसावर हे काम सोपवलं की काय होतं, ते तुम्हाला पुढं कळेलच.

तर मॅप उघडा. (गाडी चालवत ऐकत असाल तर उघडू नका, बाजूच्याला सांगा.) नागपूर टाका, पचमढी टाका. एक निळी रेष दिसेल : सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली आणि पचमढी. साधारण २६० किलोमीटर. मॅप साडेपाच-सहा तास म्हणतो, चहा-पोहे आणि ‘थांब नं, एक फोटो’ धरले की सात. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, पचमढी १०६७ मीटरवर आणि तिथला धूपगड १३५२ मीटर. सातपुड्यात त्याहून उंच काही नाही.

लगेच कोणीतरी विचारेल, चिखलदरा का नाही? आपल्याच राज्यात आहे, गाविलगड आहे, टोल कमी. मान्य आहे. त्यावर वेगळा भाग करू. आज पचमढी, कारण मला एक प्रश्न लहानपणापासून छळतोय. पचमढी मध्य प्रदेशात आहे. तरी नागपूरकर तिला ‘आपली पचमढी’ का म्हणतो? सवयीनं, की त्यामागं काही हक्क आहे? आणि हक्क असलाच, तर तो नक्की कोणाचा?

रेष आधी खाली आली

आपली सुरुवात झिरो माइलपासून. त्या दगडावर जी गावं कोरलीत, त्यात छिंदवाडाही आहे. तिथून जवळच, विधानभवनाच्या बाजूला, बख्त बुलंद शाहाचा पुतळा आहे. आपण रोज त्याच्यापुढून सिग्नल तोडत जातो.

हा गोंड राजा देवगडचा. देवगड कुठं, तर छिंदवाड्यापासून साधारण ४० किलोमीटरवर, मोहखेड भागात, सातपुड्याच्या कुशीत. म्हणजे आपल्या निळ्या रेषेच्या डाव्या अंगाला. बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, इस्लाम स्वीकारला, हे नावही तिथलंच. परत आला आणि पुढं मोगलांच्याच मुलखात धुमाकूळ घातला. याच माणसानं १७०२ मध्ये डोंगराखालच्या सपाटीवर, नाग नदीकाठच्या बारा वस्त्या एकत्र करून एक गाव वसवलं. ते आपलं नागपूर. त्याच्या मुलानं, चांद सुलताननं, राजधानीच खाली आणली, तटबंदी घातली, जुम्मा तलाव बांधला. जुम्मा तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, म्हणजेच गांधीसागर. चांद सुलतान गेल्यावर वारसाहक्काचं भांडण झालं, राणीनं मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावलं. रघुजी आले, आणि राहिले.

थोडक्यात, आपण ‘नागपूरहून डोंगरात’ जातो असं म्हणतो खरं, पण आधी डोंगर खाली उतरला होता. नागपूर हे देवगडच्या राजाचं खालचं घर.

वेळ असेल तर देवगडला वळा. किल्ला पडका आहे, पण नगारखाना आहे, विहिरी-बावड्या आहेत, आणि गर्दी अजिबात नाही. आमच्या ग्रुपमध्ये यावर मतदान झालं. चार विरुद्ध एक. मी हरलो.

सौंसर : आजीचं माहेर

पहाटे पाचला निघालं तर सावनेरला तर्री-पोहे गरम मिळतात. सावनेरला रस्ता फुटतो : एक पांढुर्णा-बैतुलकडे, दुसरा सौंसर-छिंदवाड्याकडे. आपण दुसरा घ्यायचा.

या रस्त्याच्या सोबतीनं शंभर वर्षं एक छोटी गाडी धावायची. १९१३ साली सुरू झालेली नॅरोगेज. पाटणसावंगी, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, भीमालगोंदी, उमरानाला... ही स्टेशनं माझ्या आजीला पाढ्यासारखी पाठ होती. २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली आणि रूळ मोठे केले गेले.

आजीचं माहेर सौंसर. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच प्रांतात होतं, मध्यप्रांतात, आणि त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली. मध्यप्रांतातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली. आजी जागची हलली नाही. तिचं माहेर मात्र परराज्यात गेलं.

तुम्ही सौंसरला थांबून बघा. दुकानांच्या पाट्या हिंदीत, बोलणं मराठी. संत्र्याच्या बागा इकडे तशाच तिकडे. जवळच जामसावळीला झोपलेल्या हनुमानाचं देऊळ आहे, तिथं शनिवारी विदर्भातल्या गाड्यांची रांग असते. २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार होते, ते हेच पांढुर्णा.

राज्याच्या सीमा जिल्ह्यांच्या हिशेबानं आखल्या गेल्या. जिल्ह्यात बहुसंख्य कोण, त्यावर फैसला. मग जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात दुसरी भाषा बोलणारे लोक राहिले तर राहिले. हा काही फक्त सौंसरचा किस्सा नाही, बेळगावकडच्या मंडळींना विचारा. फरक एवढाच, सौंसरवाल्यांनी फारसा आवाज केला नाही. आजीनं तर एकदाही ‘मध्य प्रदेशात जाते’ असं म्हटलं नाही. ती म्हणायची, ‘वर जाते’.

सिल्लेवानी घाट आणि फरार राजा

रामाकोना सोडलं की थोड्या वेळात सिल्लेवानीचा घाट लागतो. घाट लहान आहे, पण ट्रक भरपूर. ओव्हरटेकची घाई करू नका. माझ्या बाबांनी नव्वदच्या दशकात आमची जुनी व्हॅन इथंच उकळवली होती. दीड तास आम्ही दगडावर बसून सोबतच्या पुऱ्या संपवल्या. या घाटाबद्दल माझं ज्ञान तेवढंच. पण याच्या पुढच्या मुलखात जे घडलं, त्यासाठी मी अख्खा भाग करतोय.

पचमढीत सगळ्यात लांब मुक्काम ठोकणारा प्रसिद्ध नागपूरकर कोण? अप्पासाहेब भोसले, म्हणजे दुसरे मुधोजी. आणि ते हवा खायला गेले नव्हते.

नोव्हेंबर १८१७. सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेबांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रज जिंकले. अप्पासाहेबांना आधी गादीवर ठेवलं, मग मार्च १८१८ मध्ये बाजीरावाशी संधान बांधल्याच्या संशयावरून अटक केली आणि पहाऱ्यात अलाहाबादकडे रवाना केलं. वाटेत जबलपूरच्या बाजूला रायचूर नावाचं गाव लागतं. (कर्नाटकातलं रायचूर नव्हे, मीसुद्धा पहिल्यांदा फसलो होतो.) मे महिन्यातल्या एका रात्री अप्पासाहेब तिथून निसटले. पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवले होते, राजा शिपायाच्या वेशात बाहेर पडला. असं सांगतात की रात्री गोऱ्या अधिकाऱ्यानं तंबूत डोकावलं तेव्हा दोन नोकर मालकाचे पाय चेपत बसले होते. पांघरुणाखाली पाय नव्हते, उशी होती.

तिथून ते गेले कुठं? छिंदवाड्याच्या पलीकडे हर्रईला, आणि मग महादेवाच्या डोंगरात. महादेवाचे डोंगर म्हणजेच पचमढीचा परिसर. हर्रईच्या चैन शाहासारखे गोंड सरदार त्यांच्या बाजूनं उभे राहिले. अरब शिपाई येऊन मिळाले. जुलै १८१८ मध्ये बैतुलच्या बाजूला कॅप्टन स्पार्क्सची तुकडी या मंडळींनी जवळजवळ पुरती कापून काढली. मुलताईही काही दिवस त्यांच्या ताब्यात होती. इंग्रजांनी राजाला पकडून देणाऱ्यासाठी मोठं इनाम लावलं. मे गेला, पावसाळा गेला, हिवाळा आला. डोंगरातल्या कोणीही त्यांना विकलं नाही.

इथं मला नेहमी थांबावंसं वाटतं. भोसल्यांनी नागपूर घेतलं कोणाकडून? गोंडांकडून. मग गोंडांनी भोसल्याला का लपवावं? शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर ‘स्वामिनिष्ठा’ असं देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. भोसल्यांच्या काळात खालचं राज्य गेलं तरी डोंगरातले सरदार बऱ्यापैकी आपल्या मर्जीचे होते. जंगल त्यांचं, घाट त्यांचे, वाटेवरची वसुली त्यांची. इंग्रज आले तर ते कागद आणि कचेरी घेऊन येणार, हे ओळखायला फार शहाणपण लागत नव्हतं. फरार राजा ही त्यांच्यासाठी ढाल होती. आणि तसं पाहिलं तर त्यांचा अंदाज चुकला नाही, हे पुढं दिसेल.

फेब्रुवारी १८१९ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजा चहूबाजूंनी डोंगरात शिरल्या. अप्पासाहेब पुन्हा निसटले, या वेळी पश्चिमेकडे, असीरगडला. सोबत चीतू पेंढारी होता. त्याला पुढं जंगलात वाघानं खाल्लं. एप्रिलमध्ये असीरगड पडला, तोवर अप्पासाहेब तिथूनही गेलेले. मग पंजाब, रणजितसिंहांचा मुलूख, आणि शेवटी जोधपूर. तिथं १८४० मध्ये ते वारले. नागपूर त्यांना परत दिसलं नाही.

तामियाचा कडा

छिंदवाड्यात जेवा, टाकी भरा. परासियात कोळशाच्या खाणी दिसतील. तिथून डाव्या हाताला जुन्नारदेव. तिथं ‘पहिली पायरी’ आहे. विदर्भातले भाविक महादेवाला निघाले की त्यांच्या यात्रेची सुरुवात इथून होते, पुढं भुरा भगत करत डोंगरामागून डोंगर चढत चौरागडापर्यंत. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. काही त्रिशूळ इतके जड की एकाला पेलत नाहीत, चौघं मिळून नेतात. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वारची यात्रा, तीही मुख्यतः आपल्याकडच्याच लोकांची. आपण सहा तासांच्या ड्राइव्हचं प्लॅनिंग करतोय. ही माणसं कित्येक पिढ्या पायी जात होती, वाटेत महादेवाची गाणी म्हणत, भाकरी बांधून. त्यांच्याकडे कुठला ग्रुप होता?

तामियाला पोचलात की गेस्ट हाऊसच्या मागच्या कड्यावर जा. बोलू नका, फक्त बघा. खाली पातालकोट. दरीत बारा गावं, भारिया आणि गोंड लोकांची. या दरीत राजाखोह नावाची एक मोठी कपार आहे. नागपूरचा राजा इंग्रजांपासून पळताना इथं लपला होता, असं तिथले लोक सांगतात. राजाचं नाव प्रत्येक जण वेगळं सांगतो. कागदावर याचा पुरावा दाखवता येणार नाही. पण सहज विचार करा : नागपुरात अप्पासाहेबांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? आणि तिथं, त्या दरीत, एका कपारीला राजा लपल्याची आठवण चिकटून राहिलीय.

तामियानंतर नेटवर्क जातं. मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. देलाखारीच्या आसपास काच खाली करा आणि झाडं बघा. नागपूरपासून आपल्याला सागाची सवय असते, इथं एकदम साल लागतो, उंच आणि सरळ. मटकुलीला पिपरियाकडून येणारा रस्ता मिळतो, आणि मग शेवटचा घाट.

‘शोध’ लागलेलं गाव

पचमढीबद्दल इंटरनेटवर काहीही उघडा, पहिलं वाक्य हेच : १८५७ मध्ये कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी पचमढीचा शोध लावला.

आता हिशेब करू या. पचमढीत इंग्रज फौजा शिरल्या १८१९ मध्ये, अप्पासाहेबांच्या मागावर. त्याच्याही आधीपासून विदर्भातले लोक तिथं यात्रेला जात होते. कोरकू आणि गोंड तर तिथं राहतच होते. ज्या लेण्यांवरून गावाला पाच मढ्या असं नाव पडलं, ती त्याहून कितीतरी जुनी. आजूबाजूच्या कपारींमध्ये चित्रं आहेत, ती तर आणखी जुनी. तिथल्या डोरोथी डीप नावाच्या कपारीत जी. आर. हंटर यांनी १९३० च्या दशकात खोदकाम केलं आणि त्याचा अहवाल आपल्या नागपूर विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापला. हेही नागपूरकरांना सहसा ठाऊक नसतं.

आणि गंमत अशी की १८५७ हा आकडाच गोत्यात आहे. फोर्सिथनं स्वतः लिहिलेलं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक आहे, १८७१ साली निघालं. त्यात तो या डोंगरात आला तो १८६२ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी त्यानं तिथं जंगलखात्याचा बंगला बांधायला घेतला, तोच बायसन लॉज. १८५७ मध्ये हा माणूस विशीतही नव्हता. मग वेबसाइटवर १८५७ कुठून आलं? एकानं लिहिलं, बाकीच्यांनी कॉपी मारली, असं मला वाटतं. १८५७ म्हटलं की लक्षात राहतं, एवढाच त्याचा गुण.

खरं तर त्या वर्षांत या डोंगरात वेगळंच काही चाललं होतं. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले, मुलताईपर्यंत आले. नागपूरच्या वाटेवर इंग्रज फौज उभी होती म्हणून पश्चिमेकडे वळले. त्यांच्यानंतरही हर्राकोटचे राजा भभूतसिंह बोरीच्या जंगलात लढत राहिले. अखेर त्यांना पकडून जबलपूरला नेलं आणि मृत्युदंड दिला. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम पचमढीत झाली, ती भभूतसिंहांच्या स्मरणार्थ. म्हणजे ‘शोध’ हा शब्द ज्या काळासाठी वापरतात, तो काळ पाठलागाचा होता.

फोर्सिथ वाईट लेखक होता असं मात्र म्हणणार नाही. डोंगर, प्राणी, यात्रा, सगळं डोळ्यांपुढं उभं करतो. पण तो जंगलखात्याच्या चष्म्यातून बघतो. कोरकू-गोंड जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी टाकायचे. त्याच्या लेखी ती नासाडी. १८६५ मध्ये जवळचं बोरीचं जंगल राखीव झालं, देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी एक. चैन शाहाच्या पिढीला जी भीती होती, ती हीच. कागद आला आणि कचेरीही आली.

सरकार उन्हाळ्याच्या सुट्टीवर

१८६१ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. पण मे महिन्यात नागपुरात गोरा साहेब टिकणार कसा? मग पचमढी झाली उन्हाळी राजधानी. दरवर्षी साहेब, त्यांचे कारकून, फायली, खानसामे, सगळा लवाजमा वर.

यात एक विनोद आहे. आपली निळी रेष सरळ उत्तरेला जाते, पण एकोणिसाव्या शतकात रेल्वेनं जायचं तर तसा मार्गच नव्हता. नागपूरहून आधी भुसावळ, तिथून इटारसी, मग पिपरिया, आणि तिथून घाट चढून पचमढी. नागपूर-इटारसी थेट रूळ १९२० च्या दशकात पडले. तुम्ही ज्या अंतराला सहा तास म्हणून नाक मुरडता, त्यासाठी सरकार अर्धा मध्य भारत वळसा घालत होतं.

पचमढीतल्या राजकारणातली एक गोष्ट नागपूरकरांनी विसरू नये. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना असंच म्हणत) नागपूरचे डॉ. ना. भा. खरे. मंत्रिमंडळात महाकोशलचे हिंदी नेते रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र. दोन गटांचं पटेना. मे १९३८ मध्ये सरदार पटेलांच्या उपस्थितीत पचमढीत समेट झाला. वर थंड हवेत हात मिळाले, खाली उतरल्यावर दोन महिनेही टिकले नाहीत. जुलैत खऱ्यांनी राजीनामा दिला, रातोरात नवं मंत्रिमंडळ बनवलं, काँग्रेसच्या वरिष्ठांनी वर्ध्याला बोलावून ते मोडायला लावलं, आणि शुक्ल पंतप्रधान झाले. काही आठवड्यांतच, १ ऑक्टोबर १९३८ ला, नागपूरच्या विधिमंडळात वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव झाला.

माणसांची भांडणं होती, अहंकार होते, हे खरंच. पण मराठी आणि हिंदी भाग एका गाडीला जुंपलेले बैल होते आणि दोघं दोन दिशांना ओढत होते, हेही खरं. पचमढीचा समेट मोडला तेव्हाच १९५६ ची रेष मॅपवर पुसटशी दिसू लागली होती, असं मला वाटतं. ती रेष पक्की झाली आणि आपल्या वाट्याला राजधानी गेलेलं शहर आलं. सोबत डोंगरही गेला. पूर्वी सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून वर जायचं, आता हिवाळ्यात मुंबईहून इथं येतं. आपल्या उकाड्यात थांबायची तयारी कोणत्याच सरकारची दिसत नाही.

पोचल्यावर

आता कामाचं. पचमढीत स्वतःची गाडी सगळीकडे नेता येत नाही. बरेच पॉइंट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतात, त्यासाठी परवाना काढावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी तिथलीच जिप्सी घ्यावी लागते. परवान्यांची खिडकी बायसन लॉजवर आहे. हो, फोर्सिथचाच बंगला, तिथं आता संग्रहालयही आहे. सकाळी लवकर जा, सुट्टीच्या दिवशी रांग लांब असते. धूपगडला सूर्यास्तासाठी जायची वेळ ठरलेली असते, आधी विचारून घ्या. मे महिन्यातही रात्री पातळ चादर लागते, ‘आपल्याला थंडी वाजत नाही’ म्हणणाऱ्यासाठी एक जास्तीची ठेवा.

त्या रांगेत मी दोन वर्षांपूर्वी उभा होतो. पुढं नागपूरचं एक कुटुंब, मागं अमरावतीचं. मागचे काका खिडकीतल्या माणसाशी हुज्जत घालत होते, “अरे, आम्ही दरवर्षी येतो नं, आमच्याच घरचं आहे हे!” खिडकीतला माणूस हसला आणि त्यानं पावती फाडली. आमचा जिप्सीवाला कोरकू होता. त्याला मी विचारलं, तुमचं गाव कोणतं? त्यानं हातानं खाली जंगलाकडे दाखवलं. “था उधर. अब नहीं है.” व्याघ्र प्रकल्पातली कित्येक गावं गेल्या काही दशकांत बाहेर हलवली गेली, त्यातलं एक. मग त्यानं गिअर टाकला आणि पुढच्या पॉइंटचं नाव सांगितलं.

काकांचं ‘आमच्याच घरचं’ आणि त्याचं ‘था उधर’, दोन्ही मी फोनमध्ये लिहून ठेवलं होतं. हा भाग तिथूनच सुरू झाला, खरं सांगायचं तर.

पचमढीच्या पार्किंगमध्ये नंबरप्लेट मोजायचा खेळ खेळा. एमएच ३१, एमएच ४९, एमएच ४०. मधूनच एखादी एमपीची. आम्ही मागच्या वेळी पंचवीसपर्यंत मोजल्या, मग कंटाळलो. आजी असती तर म्हणाली असती, वर सगळे आपलेच दिसतात.

बरं, ग्रुपवाल्यांनो, ऐकत असाल तर : देवगडचं मतदान मी पुन्हा घेणार आहे. शनिवारी पहाटे पाच, झिरो माइल. जो उशिरा येईल तो मागच्या सीटवर मधोमध बसेल, आणि सिल्लेवानीपासून पुढं गाणी लावायचा हक्कही त्याला मिळणार नाही.